पहिलीच रात्र ३,७०० मीटरवर: कुस्कोच्या अभ्यास-सहलीतले एक आजारपण

बारा विद्यार्थी, दोन शिक्षक, नऊ दिवस. विषय: इंकांचे खगोलशास्त्र. ठिकाण: पेरूमधले कुस्को आणि त्याच्या उत्तरेची उरुबांबा नदीची खोरे-पट्टी. महिना जून, म्हणजे तिथला कोरडा हंगाम. आकाश स्वच्छ, रात्री बोचऱ्या. अमावास्या सहलीच्या तिसऱ्या दिवशी येईल अशा तारखा मुद्दाम निवडल्या होत्या. खगोलाच्या बाजूने बेत चोख होता. शरीराच्या बाजूने तो कोणी तपासलाच नव्हता.

हे नमुना-प्रकरण आहे. एका विशिष्ट गटाची हकीकत नाही, अभ्यासासाठी रचलेली आहे. उंची, औषधांचे प्रमाण, ताऱ्यांच्या वेळा आणि आजाराची लक्षणे मात्र जशी असतात तशीच दिली आहेत.

बेत काय होता

मुंबईहून निघून गट रात्री उशिरा लिमाला पोहोचला. पाचेक तासांची झोप, सकाळी सातचे विमान, सव्वा तासात कुस्को. लिमा समुद्राकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कुस्को त्याच्या दुपटीहून उंच. लेहला विमानाने उतरणाऱ्याला पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायला सांगतात, हे आपल्याकडे आता बहुतेकांना ठाऊक आहे. कुस्को लेहपेक्षा जेमतेम शंभर मीटरने खाली, पण ते शहर, चर्च आणि उपाहारगृहे असे सपाट रूप घेऊन समोर येते, आणि उंचीची आठवण राहत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी कोरिकांचा, म्हणजे इंकांचे सूर्यमंदिर, पायी पाहायचे. संध्याकाळी साडेसहाला बसने साक्सायवामान या इंका अवशेषांच्या वरच्या माळावर, ३,७०० मीटरवर, जायचे आणि दहापर्यंत आकाश पाहायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून कृत्तिकांचा उदय. यामागचे कारण चुकीचे नव्हते. इंकांचे काळे तारकासमूह, म्हणजे आकाशगंगेतल्या काळ्या डागांच्या आकृत्या, चांदणे असेल तर पुसले जातात, आणि अमावास्येनंतर चार-पाच दिवसांत संध्याकाळचे आकाश बिघडते. म्हणून अंधाराचे काम आधी उरकायचे ठरले. जागा मात्र चुकली.

पहिला दिवस, तासागणिक

विद्यार्थिनी २० वर्षांची, सुदृढ, ट्रेकिंगची सवय असलेली. पूर्वी २,५०० मीटरच्या वर कधी झोपलेली नाही. ट्रेकिंगची सवय उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. दमसास आणि विरळ हवेशी जुळवून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तंदुरुस्त माणूस अंगात जोर असल्यामुळे उलट जास्त भरभर चढतो.

दुपारी तीनच्या सुमारास डोके दुखू लागले. प्रवास, जागरण, साडेदहा तासांचा वेळेचा फरक. कारणे हाताशी होतीच. तिने आयबुप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली आणि दुखणे जरा बसले. पाचला जेवण नको वाटले. सातला माळावर तापमान शून्याच्या जवळ आलेले. इतरांना त्रिशंकू या दक्षिणेकडच्या तारकासमूहाच्या शेजारचा काळा डाग दिसत होता, तिला फक्त त्रिशंकू. साडेदहाला हॉटेलवर परतल्यावर लागोपाठ दोन उलट्या झाल्या.

निदान लगेच झाले: पित्त. डोकेदुखी आणि उलटी एकत्र दिसली की मराठी घरात दुसरे नाव सुचतच नाही. अँटासिडची गोळी, वर हॉटेलातला कोकाचा चहा, आणि 'सकाळी बरे वाटेल' हा दिलासा. ही या प्रकरणातली सर्वांत महागात पडू शकणारी चूक. २,५०० मीटरच्या वर, नुकत्याच आलेल्या माणसाला डोकेदुखी आणि मळमळ असेल तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार धरायचा. पेरूत त्याला सोरोचे म्हणतात. पित्त समजून चूक केली तर रुग्णाला दुसऱ्या दिवशी आणखी वर नेले जाते. सोरोचे समजून चूक केली तर फार तर एक दिवस फुकट जातो.

कोकाच्या चहाबद्दल थोडे. पेरूत तो कायदेशीर आहे, उबदार आहे, पोटात पाणी जाते. उंचीचा आजार तो टाळतो किंवा बरा करतो असा भरवशाचा पुरावा नाही. त्याने मूत्रतपासणीत कोकेनचा अंश दाखवला जाऊ शकतो. चहाच्या पुड्या आठवण म्हणून भारतात आणायच्या नाहीत. कोकाचे पान आपल्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते.

सकाळची तपासणी

उंचीच्या आजाराचे मोजमाप 'लेक लुईस' गुणांकाने करतात. त्याची २०१८ची सुधारित आवृत्ती चार गोष्टी विचारते: डोकेदुखी, पोट (भूक मंदावणे, मळमळ, उलटी), थकवा, गरगरणे. प्रत्येकी ० ते ३ गुण. डोकेदुखी किमान १ आणि एकूण ३ किंवा जास्त असेल तर आजार आहे. ३ ते ५ सौम्य, ६ ते ९ मध्यम, १० ते १२ तीव्र. उंचीवर पोहोचल्यावर सहा तास उलटल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, नाहीतर प्रवासाचा शीण त्यात मिसळतो. झोपेचा प्रश्न जुन्या आवृत्तीत होता, आता काढला आहे. उंचीवर झोप जवळपास सगळ्यांचीच मोडते.

तिचे गुण सकाळी सातला: डोकेदुखी २, पोट २, थकवा २, गरगरणे १. एकूण ७, मध्यम.

ऑक्सिमीटरने रक्तातला ऑक्सिजन आधी ८० टक्के दाखवला. बोटे गार होती. कोमट पाण्यात दोन मिनिटे हात धरून पुन्हा पाहिले तर ८३. कुस्कोत नव्याने आलेल्यांचा आकडा साधारण ८५ ते ९२ असतो. गार बोटे आणि नेलपॉलिश आकडा बिघडवतात. सावळ्या कातडीवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते. म्हणून निर्णय आकड्यावर नाही, लक्षणांवर. आकडा सोबतीला.

मग दोन प्रश्न, जे कुठल्याही गुणांकापेक्षा महत्त्वाचे. पहिला: जमिनीवर तीन मीटरची सरळ रेघ धरून टाचेला पंजा लावत चालता येते का? झोकांड्या जात असतील, बोलणे असंबद्ध असेल, तर मेंदूला सूज येते आहे. दुसरा: स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागते का, खोकला आहे का? असेल तर फुप्फुसात पाणी भरते आहे. दोन्हींपैकी एक जरी लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन, रुग्णालय आणि खाली उतरणे. मेंदूच्या सुजेला डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम, पुढे दर सहा तासांनी ४; फुप्फुसाच्या प्रकारात ऑक्सिजन हाच पहिला उपाय, तो नसेल आणि उतरताही येत नसेल तर डॉक्टर निफेडिपिन देतात. पेरूत रुग्णवाहिकेसाठी १०६.

तिची चाल सरळ होती, खोकला नव्हता, ताप नव्हता, नाडी ११२. रात्री मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येत होती. घाबरवणारे असले तरी हे उंचीवरच्या झोपेत नेहमी होते. एकट्याने ते धोक्याचे लक्षण नाही.

उरलेल्या अकरा जणांचेही गुण घेतले, आणि इथे चित्र बदलले. आणखी पाच जणांचे ३ किंवा ४ निघाले. कोणी काही बोलले नव्हते. सहल आपल्यामुळे अडू नये असे प्रत्येकाला वाटत होते. 'काही त्रास आहे का?' असे सगळ्यांसमोर विचारले की उत्तर 'नाही' येते. कागदावर चार आकडे लिहायला दिले की खरे बाहेर पडते.

उपचार

चढणे बंद, हे पहिले. हॉटेलातून मागवलेल्या सिलिंडरने मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन. २० मिनिटांत आकडा ९२ वर. कुस्कोत दुकानांत ऑक्सिजनचे हलके डबे मिळतात, स्प्रेसारखे. ८ लिटरचा डबा मिनिटाला २ लिटर या दराने चार मिनिटांत संपतो. त्यावर विसंबू नये. ६८० लिटरचे सिलिंडर त्याच दराने साडेपाच तास पुरते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने अॅसिटाझोलामाइड (आपल्याकडे डायमॉक्स नावाने ओळखीचे) २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल, उलटीसाठी ओन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम, आणि दर दहा मिनिटांनी दोन-तीन घोट पाणी. अॅसिटाझोलामाइड डोकेदुखीवर झाकण घालत नाही. ते मूत्रावाटे बायकार्बोनेट बाहेर टाकते, रक्त किंचित आम्ल होते आणि श्वास आपोआप खोल व भरभर होतो. शरीर जे तीन-चार दिवसांत करणार असते ते लवकर सुरू होते. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते, सोड्याचे पेय बेचव लागते; ही अॅलर्जी नव्हे. सल्फा औषधांची तीव्र अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. आणि पहिली गोळी कुस्कोत नाही, घरी असताना घेऊन पाहावी.

स्थानिक 'सोरोचे' गोळ्यांत मुख्यतः अॅस्पिरिन आणि कॅफिन असते. डोके थांबते, हवेशी जुळवून घेण्याला काही मदत होत नाही. दुपारी आयबुप्रोफेनने जे केले तेच: दुखणे बसले, त्यामुळे संध्याकाळी ३०० मीटर वर जाणे बरोबर वाटले.

मध्यम आजारात त्याच उंचीवर थांबून उपचार करता येतात. तरी पूर्ण गट खाली नेण्याचे ठरले. उरुबांबा गाव २,८७० मीटरवर, ओयांतायतांबो २,७९० वर. कुस्कोपेक्षा पाचशे-सहाशे मीटर कमी. मात्र नकाशावर न दिसणारी अडचण अशी की कुस्कोतून खाली जायचे तर आधी वर चढावे लागते. चिंचेरोची वाट ३,७६० मीटरवरून जाते. पिसाकची वाट घेतली तरी तांबोमाचायजवळ जवळपास तेवढीच उंची. म्हणून दीड तासाच्या प्रवासात तिला ऑक्सिजन चालू ठेवला, वाटेत फोटोसाठी गाडी थांबवली नाही. संध्याकाळी सहाला उरुबांबात गुण ४, दुसऱ्या दिवशी सकाळी २.

तिला काळा डाग का दिसला नाही

पहिल्या रात्रीची ती गोष्ट शिक्षकांनी 'नवखी नजर' म्हणून सोडून दिली होती. ती सोडून देण्यासारखी नव्हती. अंधारात पाहणाऱ्या दंडपेशी शरीरातल्या सर्वांत जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या पेशींपैकी आहेत. ऑक्सिजन कमी पडला की रात्रीची नजर डोकेदुखीच्याही आधी मंदावते; वैमानिकांना हे दीड हजार मीटरपासूनच शिकवतात. कुस्कोत श्वासात येणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी. ठळक तारे तरीही दिसतात. काजळी आणि अंधार यांतला फरक दिसत नाही, आणि इंका आकाशाचा गाभा नेमका त्याच फरकात आहे.

आपण ठिपके जोडून आकृती काढतो. अँडीजमध्ये तशा आकृत्या आहेतच, पण त्यांच्या जोडीला आकाशगंगेतले काळे डागही आकृती धरतात. केचुआ भाषेत त्यांना याना फुयू, काळे ढग, म्हणतात. आकाशगंगा म्हणजे मायू, नदी. हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की आपण गंगेकडे पाहतो आणि ते गंगेत उभ्या असलेल्या जनावरांकडे. हे डाग म्हणजे धूळ आणि थंड वायूचे ढग, मागचा ताऱ्यांचा उजेड अडवणारे. त्रिशंकूलगतचा कोलसॅक सुमारे ६०० प्रकाशवर्षांवर आहे.

तिसऱ्या दिवशी, अमावास्येला, गावाच्या दिव्यांपासून दोन किलोमीटरवर शेताच्या बांधावर सतरंज्या टाकल्या. बसून नाही, पाठीवर झोपून, स्लीपिंग बॅगमध्ये. रुग्णासाठी ही सोय होती, पण सगळ्यांनाच ती लाभली: मान वर करून उभे राहिले की गरगरते. पंचवीस मिनिटे कुठलाही दिवा नाही, मोबाइल खिशात, वहीसाठी लाल टॉर्च.

खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर असल्याने क्षितिजाजवळचे काही दिसत नाही, हा खोऱ्याविरुद्धचा नेहमीचा आक्षेप. या कामाला तो लागू पडत नाही. कुस्को १३.५ अंश दक्षिणेला; त्रिशंकू आणि मित्र-मित्रक हे तारे तिथे दक्षिणेला ४३ अंशांवर येतात. मुंबईहून तेच तारे जेमतेम १० अंशांवर, धुरकट हवेत. आकाशगंगेचे केंद्र मुंबईहून ४२ अंशांपर्यंतच चढते, इथे ते जवळजवळ डोक्यावरून जाते. डोंगर १५-२० अंश खाऊन टाकले तरी काही बिघडत नाही.

वाचन दक्षिणेकडे तोंड करून, त्रिशंकूपासून. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संधिप्रकाश पावणेसातला संपतो, त्याच सुमारास त्रिशंकू मध्यावर. त्याच्या डावीकडे खाली चिकटलेला काळा डाग तो कोलसॅक: युतू, तितरासारखा पक्षी. युतूच्या उजवीकडे हानपातू, बेडूक. तिथून पश्चिमेकडे, बृहल्लुब्धकाच्या दिशेने मावळत जाणारी काळी वळणदार रेघ म्हणजे माचाक्वाय, साप. साडेआठला मित्र आणि मित्रक मध्यावर येतात. ते लामाचे, अँडीजमधल्या उंटाच्या कुळातल्या जनावराचे, डोळे: यामाक्न्याविन. एक डोळा ४.४ प्रकाशवर्षांवर, दुसरा जवळपास चारशे. लामाला त्याचे काही नाही. डोळ्यांपासून डावीकडे, वृश्चिकाच्या शेपटीकडे जाणारा लांब काळा पट्टा हे तिचे अंग, आणि पोटाखाली पिणारे पिल्लू. मागोमाग आतोक, कोल्हा, वृश्चिकाची शेपटी आणि धनूच्या मध्ये. तो साडेअकराला मध्यावर येतो. त्यासाठी कोणालाही जागवले नाही.

आकृती थेट पाहून सापडत नाही. नजर थोडी बाजूला ठेवायची, काळा भाग मग कोपऱ्यातून पुढे येतो. २,८७० मीटरवर ४८ तास काढलेले नसले तरी आकडा ९० वर पोहोचलेल्या त्या विद्यार्थिनीला सव्वासातला युतू दिसला, पावणेनऊला लामाची मान. पिल्लू दिसले नाही. ते गटात चौघांनाच दिसले.

कोणते इंकांचे, कोणते नंतरचे

पाठीवर पडून ऐकायला सोपा असा भाग याच रात्री घेतला, कारण स्थानिक वाटाडे इथे बराच घोळ करतात. 'इंका खगोलशास्त्र' नावाचे एक पुस्तक इंकांनी मागे ठेवलेले नाही. त्यांना लिपी नव्हती, नोंदींसाठी गाठी मारलेल्या दोऱ्यांचे किपू होते. आपल्याला जे ठाऊक आहे ते तीन वेगळ्या ठिकाणांहून आले आहे. एक, स्पॅनिश इतिवृत्तकार: बेर्नाबे कोबोने १६५३ मध्ये कोरिकांचापासून निघणाऱ्या सेके रेषांवरच्या ३२८ पवित्र स्थानांची यादी दिली. दोन, दगड. तीन, आजची गावे: गॅरी अर्टन या मानववंशशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मारासजवळच्या मिस्मिनाय गावात राहून काळ्या ढगांची नावे नोंदवली. वर दिलेला क्रम बहुतांशी त्या गावाचा आहे. लामा मध्यरात्री उतरून समुद्राचे पाणी पिते, नाहीतर जग बुडाले असते, ही प्रसिद्ध कथा तर कुस्कोची नव्हेच. ती लिमाच्या वरच्या डोंगरातल्या वारोचिरीच्या हस्तलिखितात, सतराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास, येते. तिन्ही धागे जुळतात, पण ते तीन आहेत हे विद्यार्थ्याच्या वहीत दिसले पाहिजे.

सावलीची काठी

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसांसाठी खाटेवरून उठून दहा मिनिटांत होणारे काम हवे होते. एक मीटरची सरळ काठी, ओळंबा, खडू. सूर्य मध्यावर ११:५० ला येतो, बाराला नाही, कारण पेरूचे घड्याळ ७५ अंश पश्चिमेचे आणि जागा ७२ अंशांवर. २१ जूनच्या आसपास सावली सुमारे ७५ सेंटिमीटर, दक्षिणेकडे. त्याच दिवशी मुंबईतही सावली दक्षिणेकडेच पडते, पण जेमतेम ८ सेंटिमीटर.

ही तुलना मराठी विद्यार्थ्याला थेट कुस्कोच्या पंचांगात नेते. आपल्याकडे मे आणि जुलैमध्ये शून्य सावलीचा दिवस पाहतात. कुस्कोत सूर्य डोक्यावर येण्याचे दिवस १३ फेब्रुवारी आणि ३० ऑक्टोबरच्या सुमारास, आणि त्यांचा इंका सण-शेतीशी संबंध मानववंशशास्त्रज्ञ टॉम झुइडेमा यांनी मांडला. कुस्कोभोवतीच्या डोंगरकड्यांवर सूर्योदय-सूर्यास्ताच्या जागा दाखवणारे सुकांका स्तंभ होते. इतिवृत्तांत त्यांची वर्णने आहेत, शहराभोवती आज ते उभे नाहीत. उरुबांबाजवळ मात्र वायना कापाक या इंका सम्राटाच्या वाड्याच्या आवारातून डोंगरमाथ्यावरचे दोन स्तंभ आजही दिसतात, आणि जूनच्या अयनदिनी सूर्य त्यांच्या बाजूने उगवतो. आजारी माणसाला चढाई न करता पाहता येणारे हे इंका वेधस्थळ. पहिल्या बेतात त्याला स्थानच नव्हते.

चौथा दिवस: पोट

चौथ्या दिवशी तिला पाच जुलाब झाले. 'उंचीचा आजार परत आला' असे वाटणे साहजिक होते, पण उंचीच्या आजारात जुलाब नसतात आणि तापही नसतो. हे दुसरे दुखणे: बाहेरच्या रसातला बर्फ किंवा कच्ची कोशिंबीर. ओआरएसचे एक पाकीट एक लिटरमध्ये, कमी पाण्यात नाही. दर जुलाबानंतर एक पेला. पाकीट नसेल तर एक लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्त किंवा ताप असता तर अॅझिथ्रोमायसिन लागले असते, तसे नव्हते. अॅसिटाझोलामाइड त्या दिवशी डॉक्टरांना विचारून थांबवले: लक्षणे गेलेली होती आणि औषध लघवीवाटे आणखी पाणी काढत होते.

पिण्याचे पाणी उकळायचे तर दोन हजार मीटरच्या वर पूर्ण तीन मिनिटे. उरुबांबात पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते. डाळ-तांदूळ बरोबर नेणाऱ्या गटांनी कुकर विसरू नये.

पाचव्या पहाटे गट मारासच्या पठारावर कृत्तिका पाहायला गेला, ३,४०० मीटर, दोन तास, आणि परत झोपायला खाली. ती गेली नाही. कृत्तिकांना तिथे कोल्का म्हणतात, धान्याचे कोठार. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे ३७ दिवस त्या सूर्यामागे लपतात. सेके रेषांवरची ३२८ स्थाने आणि हे ३७ दिवस मिळून ३६५, यावर झुइडेमांनी आपला पंचांगाचा सिद्धांत उभा केला. जूनअखेर त्या चारच्या सुमारास उगवतात. २४ जूनच्या आसपास शेतकरी त्यांचा ठळकपणा पाहतात. मंद दिसल्या तर बटाट्याची लागवड काही आठवडे पुढे ढकलतात. २००० मध्ये 'नेचर'मध्ये ऑर्लोव्ह, चियांग आणि केन यांनी दाखवले की हा अंदाज बरोबर ठरतो: एल निन्योच्या वर्षी खूप उंचावर विरळ ढग येतात, डोळ्यांना न जाणवणारे, आणि त्याच वर्षी पाऊस उशिरा व कमी येतो.

तिचे हे दृश्य चुकले, पण गेले नाही. सातव्या पहाटे, कुस्कोत परतल्यावर, हॉटेलच्या गच्चीवरून पाचला कृत्तिका दिसल्या, शहराच्या उजेडासकट. काळ्या ढगांना पूर्ण अंधार लागतो, ताऱ्यांना लागत नाही. ही विभागणी बेत आखतानाच केली असती तर कुठले सत्र कुठे घ्यायचे हा प्रश्न आपोआप सुटला असता.

फिरवलेला क्रम

पुढच्या गटासाठी ठरलेला क्रम असा. लिमाला दोन रात्री, झोप भरून काढायला. कुस्कोला उतरल्यावर विमानतळावरून थेट उरुबांबा किंवा ओयांतायतांबो, तिथे चार रात्री. पहिल्या दिवशी फक्त सावलीची काठी. दुसऱ्या रात्री, अमावास्येच्या आगेमागे, काळे ढग. चौथ्या दिवशी माचू पिच्चू. ते २,४३० मीटरवर, कुस्कोपेक्षा जवळपास हजार मीटर खाली. सहलीच्या शेवटी ठेवण्याची पद्धत उलटी आहे. तिथल्या तोरेओन या बुरुजासारख्या वास्तूच्या खिडकीचा रोख जूनच्या अयनदिनीच्या सूर्योदयाकडे आहे हे डिअरबॉर्न आणि व्हाइट या संशोधकांनी १९८०च्या दशकात मोजून दाखवले. आत जाता येत नाही, वरच्या वाटेवरून पाहावे लागते. इंतिवाताना दगडाला 'सूर्याचे घड्याळ' म्हणून सांगतात ते मोजमापाने सिद्ध झालेले नाही.

पाचव्या दिवशी कुस्को. झोपण्याच्या उंचीत वाढ ५३० मीटर, म्हणजे तीन हजारांवर रोज ५०० या नियमाच्या जवळपास. साक्सायवामान सर्वांत शेवटी आणि दिवसा. २४ जूनचा इंती रायमी हा सूर्याचा सण पाहायचा तर हे लक्षात ठेवून की आजचा सोहळा १९४४ पासूनची पुनर्रचना आहे आणि अयनदिन त्याआधी तीन-चार दिवस होऊन गेलेला असतो.

या प्रकरणातल्या विद्यार्थिनीला कुस्कोत परत चढताना अॅसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून सुरू करून चढल्यानंतर दोन दिवस दिले. त्रास झाला नाही. सगळ्या गटाला ते आधीच द्यावे का? थेट कुस्कोत झोपायचे असेल तर हो म्हणणारे डॉक्टर पुष्कळ भेटतील, आणि ते चूक नाहीत. खोऱ्यातून जाणाऱ्या गटात ते पूर्वी त्रास झालेल्यांपुरते ठेवता येते. बारा निरोगी मुलांना गोळी देऊन वेळापत्रक वाचवण्यापेक्षा वेळापत्रक बदलणे स्वस्त पडते.

कागदपत्रांतली एक गोष्ट खगोलाशी संबंध नसूनही सांगावी लागते. पेरूहून परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात, तुम्ही फक्त डोंगरात राहिला असलात तरी. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. आणि प्रवास-विम्यात उंचीची मर्यादा घातली आहे का, ते पॉलिसी घेण्यापूर्वी वाचावे. या गटाच्या पॉलिसीत ती ३,००० मीटर होती.